ट्रकच्या मेंदूला नारळपाणी

आमच्या ट्रकच्या मेंदूला मी नारळपाणी पाजलं. ट्रक वारला. (मेंदूपुरताच वारला, बाकीचा धडधाकट होता.) सुतक मात्र माझ्या दाजींनी सहा वर्षं पाळलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मी मुळात बोलणारा माणूस नव्हे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून आहे. तिथल्या पंचवीस वर्षांत 'बघतो', 'साहेब जागेवर नाहीत' आणि 'उद्या या' या तीन वाक्यांवर माझं भागलं. घरीही साधारण हीच वाक्यं चालतात, फक्त साहेबांच्या जागी दूधवाला येतो. गप्प बसण्याला लोक शहाणपण समजतात, हा माझा आयुष्यभराचा फायदा. त्या फायद्यानंच माझा घात केला.

ट्रक आमचा दोघांचा. कागदावर नाव माझं, कारण माझ्याकडं पगाराची पावती होती. स्टिअरिंगवर हात दाजींचे, कारण त्यांच्याकडं अक्कल होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. वीस वर्षं दुसऱ्यांचे जुने ट्रक चालवलेला माणूस. इंजिनावर नुसता तळहात ठेवून सांगायचे, "हिला ताप हाय." आणि असायचा! बिरोबाचे भक्त. भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची, एक छोटी पिवळी पिशवी कायम आरशाला टांगलेली. सकाळी चिमूटभर भंडारा स्टिअरिंगला, चिमूटभर स्वतःच्या कपाळाला, आणि गाडी चालू. जेऊरहून कांदा भरायचा, कुर्डुवाडीवरून सोलापूरच्या मार्केट यार्डात आणायचा. ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच स्वतःची गाडी होती. तिच्याशी बोलायचे ते. अक्का म्हणायची, "माज्याशी इतकं बोललं असतं तर माजं दोन पोती दुखणं कमी झालं असतं!"

गाडी घेतली त्या दिवशी शोरूमच्या माणसानं आम्हाला केबिनखाली वाकवलं आणि इंजिनाच्या कडेला बोल्टांनी आवळलेली एक पसरट डबी दाखवली. जेवणाच्या डब्याएवढी. तिच्या तोंडात मनगटाएवढा वायरींचा जुडगा घुसवलेला.

"हा ईसीएम. डिझेल किती, कधी, कुठल्या सिलिंडरला, सगळं हाच ठरवतो. गाडीचा मेंदू समजा."

दाजी म्हणाले, "गाडीला मेंदू हाय म्हणल्यावं माजा घरी ठिवून आलो तर चालंल का?"

अक्का इतकी हसली की शोरूमवाल्यानं तिला पाणी आणून दिलं. मी हसलो नाही. मी शिकलेला. मी 'गाडीचा मेंदू' हे शब्द मनात जपून ठेवले.

ते शब्द बाहेर पडले खंडेनवमीला.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा असते. दाजींनी ट्रक धुतला, पुसला, तेलाचा हात दिला, झेंडूची माळ घातली, चाकांपुढं लिंबं ठेवली आणि स्वतः अंघोळीला गेले. माझी बायको सुनंदा हातात ताट देऊन म्हणाली, "तुमच्या नावावर गाडी आहे, तुम्हीच करा." ताटात हळद, कुंकू, अक्षता, फोडलेला नारळ आणि त्याचं पाणी भरलेलं फुलपात्र.

आता बघा, चाकांची पूजा कोणीही करतो! स्टिअरिंगला कुंकू कोणीही लावतो! मी पदवीधर माणूस. माझ्या डोक्यात आलं, सगळा कारभार चालवणारा तो मेंदू तिकडं अंधारात उपाशी, आणि माळा कुणाला? तर टायरला! हा अन्याय माझ्यातल्या कारकुनाला सहन होईना. (कचेरीत काम मी करतो आणि हार साहेबांना पडतो, हे दुःखही त्यात थोडं असावं.)

मी केबिनखाली शिरलो. डबीवर कुंकू लावलं. पण मनाचं समाधान होईना. माणसाची पूजा करताना आपण टिळा कोटाला लावतो का? कपाळाला लावतो. मग मी त्या वायरींच्या तोंडाची कडी ओढली. 'खट्' करून तोंड सुटलं. आत बारीक बारीक, सोन्यासारख्या चकाकणाऱ्या पिनांची रांग. इतकं देखणं दृश्य! मला खरंच भरून आलं. मी हात जोडले. पिनांवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चार अक्षता टाकल्या, आणि तीर्थ म्हणून फुलपात्रातलं नारळपाणी ओतलं. चमचाभर नव्हे. मनापासून.

मग तोंड परत दाबलं, कडी लावली, बाहेर आलो. दाजी डोकं पुसत उभे.

"झाली का पूजा, पावणं?"

"झाली."

इथंच एक वाक्य जास्त बोललो असतो तर ही गोष्ट एवढ्यावर संपली असती. पण सांगितलं ना, मी बोलणारा माणूस नव्हे.

तीनेक आठवडे गाडी झकास चालली. मग एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि चालती गाडी गपकन बंद पडली. पाच मिनिटांनी आपोआप चालू! दाजींनी तळहात ठेवून बघितला. पहिल्यांदाच त्यांना काही कळलं नाही.

"पावणं, ही रुसलीया. पर का रुसली ती सांगंना."

डिझेल फिल्टर बदलला. बंद पडली. टाकी धुतली. बंद पडली. बॅटरी नवी आली. दोन दिवस चांगली, तिसऱ्या दिवशी बंद. सुनंदानं दृष्ट काढली. अक्कानं लिंबू-मिरच्या बांधल्या, मग बिब्बा, मग काळी बाहुली. गाडीचं तोंड बोहऱ्याच्या दुकानासारखं दिसायला लागलं. आणि मी? स्टिअरिंगला कधी हात न लावलेला मी? मी दाजींना म्हणालो, "क्लच जरा जपून दाबत जा."

वीस वर्षांच्या ड्रायव्हरला! त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून क्लच असा दाबायला लागले, जसं काही खाली मेंढीचं पिलू झोपलंय.

पुढचा प्रयोग भर सात रस्त्यावर झाला. दाजी रिकामी गाडी गॅरेजला नेत होते. ती बरोबर चौकाच्या मधोमध बंद पडली. सातही रस्ते गच्च! रिक्षा, बस, हातगाड्या, एका वरातीचा घोडा. मी कचेरीच्या खिडकीतून बघत होतो. माझी गाडी, माझे दाजी. हवालदार ओरडत होता, "ओ मामा, घर बांधताय का हितं?" आणि दाजी हात जोडत होते. रिक्षावाल्याला, हवालदाराला, शेवटी त्या घोड्यालासुद्धा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कुणाचा हो ट्रक तो?" मी म्हणालो, "बघतो." आणि फाईल उघडली.

इथवर हसायला हरकत नाही. पुढचं जरा सांभाळून ऐका.

भाऊबीज होऊन महिना झाला असेल. दाजी जेऊरहून कांदा भरून येत होते. सकाळची वेळ. कुर्डुवाडीच्या अलीकडं कालव्याच्या पुलाजवळ उतार आहे. त्या उतारावर भरल्या गाडीचं इंजिन मेलं. इंजिन मेलं की स्टिअरिंग जड होतं, दगडासारखं. समोर मोटारसायकलवर नवरा, बायको, आणि मधे दुधाची किटली. दाजींनी सगळं अंग टाकून स्टिअरिंग ओढलं आणि ट्रक ज्वारीच्या रानात घातला. मोटारसायकल वाचली. किटलीसुद्धा वाचली. कांदा रानभर झाला. दाजींचं डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्यात मी गेलो तेव्हा ते प्लास्टरकडं बघत नव्हते. "मधी बाई हुती, पावणं," एवढंच परत परत म्हणत होते. "मधी बाई हुती."

शेतवाला म्हणाला, ड्रायव्हरला डुलकी लागली. कांदेवाला म्हणाला, पिला असेल. दाजी चहासुद्धा न पिणारा माणूस! मी दोघांनाही म्हणालो, "बघतो."

गाडी ओढून महबूबभाईंच्या गॅरेजात आणली. महबूबभाई म्हणजे गाडीच्या वायरींतले डॉक्टर. आता तर ती चालूच होईना. आम्ही सगळे जमलो. मी, अक्का, आणि गळ्यात हात अडकवलेले दाजी. महबूबभाईंनी डॅशबोर्डखाली आपलं तपासणी यंत्र जोडलं, पडद्याकडं बघितलं आणि डोकं खाजवलं.

"अजीब है साब. लाईट लगती, हॉर्न बजता. लेकिन कंप्यूटरच बात नै करता. मशीन पूछ रई, ये जवाबच नै देता."

"म्हंजी मुका झाला?" अक्कानं विचारलं.

"मुका बोलो, मरा बोलो. अभी देखते."

त्यांनी एकही पायरी सोडली नाही. बॅटरीचा दाब बघितला, ठीक. फ्यूज एकेक काढून बघितले, ठीक. अर्थिंगची वायर घासून परत आवळली, तरी मुका. मग म्हणाले, "डब्बे तक करंट पोचता क्या, वो देखना," आणि टेस्ट-लॅम्प घेऊन केबिनखाली शिरले. मला 'खट्' असा आवाज आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी गाडीच्या तोंडावरची काळी बाहुली सरळ करायला लागलो.

मग खालून महबूबभाईंचा आवाज आला, हळू आणि गंभीर.

"या अल्ला. इसकी तो शादी करे किसी ने!"

डबी बाहेर आली, टेबलावर उघडली. पिनांवर लाल-पिवळा घट्ट लगदा, त्यात चार अक्षता. आतल्या पट्टीवर हिरवा गंज चढलेला. तिचे बारीक रस्ते जळून काळे पडलेले. महबूबभाईंनी लगद्याचा वास घेतला.

"नारियल!" ते म्हणाले. "वायर में करंट बराबर है साब. डब्बा इससेच मरा. नमी गई, पिन सडे, चलते-चलते बंद. कौन करा ये पूजा?"

सगळ्या गॅरेजात तेव्हा एकच माणूस होता ज्याच्या कपाळाला भंडारा होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. दाजी त्या डबीकडं बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. गाडीवर तळहात ठेवल्यासारखं.

आणि मी, बोलणारा माणूस नव्हे तो मी, नेमका तेव्हा बोललो!

"आमच्या दाजींना," मी म्हणालो, "देवाधर्माचं जरा जास्तच आहे."

वाक्य खरं होतं. एका शब्दाचीही चूक नव्हती त्यात. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असा अचूक मसुदा मी दुसरा केला नाही.

अक्कानं कपाळावर हात मारला. "अवो, चाकाला लावायचं, आरशाला लावायचं! मेंदूत कुटं घालताव भंडारा? मानूस मेलं असतं की ओ!" त्या गॅरेजात ती त्यांना जे जे बोलली ते मी लिहीत नाही. दाजी ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "असंल. माज्याच हातनं झालं असंल."

नवा मेंदू आला. तो नुसता बसवून भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. लॅपटॉपवाले एक साहेब आले. त्यांनी नव्या डबीला आमच्या ट्रकचा चॅसिस नंबर सांगितला, प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेले आकडे एकेक करून भरले. नाहीतर म्हणे नवा मेंदू गाडीला ओळखत नाही, आणि गाडी त्याला ओळखत नाही. वायरींच्या तोंडातल्या खराब पिना महबूबभाईंनी बदलल्या. चावी फिरवली. पिवळा दिवा लागला, विझला, आणि इंजिन पहिल्या झटक्यात गरजलं! सगळं मिळून दोन दिवस.

"अब थाली लेके कोई इसके पास आया," महबूबभाई म्हणाले, "तो थाली इधर जमा करके जाना."

सगळे हसले. दाजी हसले नाहीत. प्लास्टर निघालं तरी त्यांचं मनगट पुरतं वळेना. तरी ते म्हणत होते, जमेल हळूहळू. मीच म्हणालो, "दाजी, आता आराम करा. दुसरा ड्रायव्हर बघू." कारण मी मनगटाचं दिलं. खरं कारण असं, की ते गाडीजवळ दिसले की मला ती डबी दिसायची. त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. आरशाची पिवळी पिशवी सोडवून खिशात घातली. बोनेटवर एकदा तळहात ठेवला आणि सांगोल्याच्या पलीकडं आपल्या गावी मेंढरं राखायला गेले.

आता माझा मोठेपणा ऐका. दर भाऊबीजेला अक्का ओवाळायची आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "दत्तू, ह्यांच्या हातनं चूक झाली. तुजी गाडी गेली असती. मनात धरू नगंस बाबा." आणि मी माफ करायचो! पहिल्या वर्षी म्हणालो, "असू दे अक्का." दुसऱ्या वर्षी म्हणालो, "माणूस आहे, चुकतो." तिसऱ्या वर्षी तर मी तिच्या पाठीवर हात ठेवला! दरवर्षी माझी क्षमा वाढत गेली. गावभर नाव झालं, भाऊ असावा तर असा!

गेल्या वर्षी अक्का आजारी पडली आणि दवाखान्यातून परत आली नाही. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलायला त्रास व्हायचा. मी शेजारी बसलो होतो. तिनं माझं बोट धरलं आणि म्हणाली, "ह्यांच्यावर राग न्हाय न्हवं?"

बाहेर बाकावर दाजी बसले होते. दार उघडं होतं. खरं सांगायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि मी म्हणालो, "नाही अक्का. कधीच सोडून दिला."

त्याच समाधानात ती गेली.

परवा मी दाजींकडं गेलो. ते वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, एका पिलाच्या तोंडात नळीनं औषध सोडत होते. उजव्या हातानं. डाव्यानं नुसतं धरलं होतं.

"दाजी, एक सांगायचंय."

"सांगा की."

पुढची दहा मिनिटं मी पावसापाण्याची चौकशी केली. तेवढ्यात एका मेंढीनं माझ्या पिशवीतली सगळी केळी सालीसकट खाल्ली. मग मी तिच्याकडंच बघत म्हणालो, "त्या डबीत हळद-कुंकू मी घातलं होतं. नारळाचं पाणीसुद्धा."

"ठावं हाय," दाजी म्हणाले.

"काय? कधीपासून?"

"महबूबभाईनं डबी उगडली तवापासनं. पावणं, माज्या पिशवीत निस्ता भंडारा. पिवळा. आन डबीत कुंकू हुतं लालभडक. गाडीत माज्याकडं करंडा कुटनं यील?"

(सहा वर्षं जपून ठेवलेलं माझं गुपित असं रंगीत होतं!)

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताव का बघत हुतो."

"सहा वर्षं?"

"छ्या! पयले दोन दिस. मग मेंढरं घेतली, येळ कुटं हाय?"

मला एकदम राग आला. गुन्हेगाराला येतो तसा. "निदान अक्काला तरी सांगायचं! ती तुम्हाला इतकं बोलली, जाईपर्यंत माझी माफी मागत राहिली!"

दाजींनी पिलू खाली सोडलं. ते धडपडत आईकडं गेलं. मग म्हणाले, "नवरा चुकल्याला तिला चालत हुतं. रोज चुकायचो, रोज वरडायची, सवय हुती. भाऊ एकच हुता, आन त्योबी शिकल्याला. त्यो असा निगाला म्हणल्यावं भाऊबीजंला ती कुणाकडं बघून हसली असती?"

मी खाली बसलो. मेंढरं माझ्याभोवतीनं गेली.

मग त्यांनीच विचारलं, "गाडी बरी हाय का?"

"बरी आहे."

"सकाळी चालू करताना एकदा खोकती का अजून?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"दाजी, आता मी काय करू?"

"लिवून काडा. तुमाला बोलाय येत न्हाय, पर लिवाय येतंय की. कचेरीत काय करताव मग? सगळं लिवा, कुंकूबी लिवा. पर रडगाणं नगा लिवू. तिला हसाय लई आवडायचं. हसाय यील असं लिवा."

म्हणून हे विनोदी लिहिलं आहे. कुणाला हसू आलं नसेल, तर चूक माझी आहे.

हे शेवटचे तीन शब्द जुळवायला मला सहा वर्षं लागली. महबूबभाईंनी अख्खा ट्रक दोन दिवसांत जुळवला होता.